टोमॅटोची ठेंगणी-ठुसकी रोपं

गणपती उठले की आमच्या सोसायटीच्या बागवाल्या ग्रुपवर टोमॅटोच्या रोपांचे फोटो यायला लागतात. चहाच्या कपात लावलेली, दह्याच्या डब्यात लावलेली, कुणी अंड्यांच्या ट्रेमध्ये लावलेली, आणि बऱ्याच फोटोंत रोपं अगदी सारखी दिसतात, दोऱ्यासारखी बारीक, फिकट, खिडकीकडे माना वळवलेली. खाली लिहिलेलं असतं, बघा किती भराभर वाढतायत. मला त्या माणसांबद्दल खूप वाटतं कारण मेहनत खरी असते, सकाळी उठल्या उठल्या आधी कप बघायला जाणं असतं, आणि पुढच्या आठवड्यात त्यातली निम्मी रोपं आडवी होणार हे त्या फोटोतच दिसत असतं. म्हणून यावेळी ग्रुपवर तुकड्या-तुकड्यात उत्तरं देत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढतेय, खास करून ज्यांनी पहिल्यांदाच बी टाकलंय किंवा टाकणार आहेत त्यांच्यासाठी.

मुख्य मुद्दा आधीच सांगते. टोमॅटोचं रोप किती उंच झालं ते बघूच नका, खोड बघा. महिनाभराचं चांगलं रोप जेमतेम पाच-सहा इंच असतं, खोड पेन्सिलीपेक्षा थोडंच बारीक, पानं गडद हिरवी, एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंतचं अंतर कमी, आणि एकूण दिसायला ठेंगणं-ठुसकं. असं रोप कुंडीत गेलं की आठवडाभरात जीव धरतं. लांबुळकं रोप जगतं, नाही असं नाही, पण सावरायलाच त्याचे दोन-तीन आठवडे जातात, आणि आपल्याकडे थंडीचे चांगले महिने मोजकेच असतात.

हे मी शिकले माझ्या मामांकडून. मामा नारायणगावजवळ टोमॅटो करतात. तिथला टोमॅटोचा बाजार आपल्याकडे सगळ्यांना ऐकून तरी माहीत असतो, सीझनला कॅरेटच्या थप्प्या लागलेल्या असतात आणि भाव वीस किलोच्या कॅरेटवर बोलला जातो. पूर्वी मामा गादीवाफ्यावर, म्हणजे मातीच्या थोड्या उंच केलेल्या पट्ट्यावर, घरीच रोपं टाकायचे, आता नर्सरीत बुकिंग करतात आणि ट्रेमधली रोपं आणतात, त्या ९८ कप्प्यांच्या काळ्या ट्रेमधली. एकदा त्यांच्याबरोबर रोपं घ्यायला गेले होते. नर्सरीवाल्याने ट्रे पुढे केला, मामांनी मधलंच एक रोप बुडाशी धरून अलगद वर ओढलं, तर खालचा कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गड्डा अख्खाच्या अख्खा बाहेर आला, एक कण सांडला नाही, सगळीकडून पांढऱ्याशुभ्र बारीक मुळ्यांची जाळी. मग त्यांनी ते रोप आडवं धरलं आणि मला म्हणाले, "हे बघ, असं आडवं धरायचं. शेंडा खाली लोंबला की समजायचं पाण्यावर पोसलंय. घ्यायचं नाही." शेंडा सरळ राहिला होता. दुसऱ्या एका ट्रेमधल्या रोपांना बारीक कळ्या दिसत होत्या, तो ट्रे त्यांनी हातसुद्धा न लावता बाजूला केला. कप्प्यात जास्त दिवस अडकून राहिलेलं रोप घाईने फुलावर येतं, त्याच्या मुळ्या गोल गोल फिरून तपकिरी झालेल्या असतात आणि शेतात गेल्यावर ते वाढायचं विसरतं. शेतकरी २५ ते ३० दिवसांचंच रोप मागतात ते याच्यासाठी.

आता रोप लांबुळकं होतं कशाने? मुख्यतः उजेड कमी पडल्याने. हे समजून घ्यायला कुठलं पुस्तक नको, नवरात्रातला घट आठवा. देवघरात अंधाऱ्या कोपऱ्यात घटाभोवती माती पसरून धान्य पेरतो, आणि दसऱ्यापर्यंत ते धान वीतभर उंच येतं, पिवळंधमक, नाजूक, हात लावला तरी झुकणारं. घटाला ते तसंच हवं असतं, आणि तसंच शोभतं. पण होतं काय तर अंधारात उगवलेल्या रोपाकडे दाण्यातली तेवढीच शिदोरी असते आणि ती सगळी ते उजेड शोधायला, म्हणजे खोड लांब करायला खर्च करतं, हिरवा रंग बनवायला किंवा खोड जाड करायला काही उरत नाही. टोमॅटोचं बी तर गव्हा-ज्वारीच्या दाण्यापुढे चिमुकलं, एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बिया बसतात, म्हणजे शिदोरी किती असेल विचार करा. उगवल्यावर दोन दिवस जरी कप किचनच्या ओट्यावर सावलीत राहिला तरी खोड लांबतं, आणि एकदा लांबलेलं खोड परत आखूड होत नाही.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. बहुतेक जण यूट्यूबवर बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून सुरुवात करतात. तिथे बाहेर बर्फ असतो, म्हणून ते लोक घरात हीटिंग मॅट आणि ग्रो लाइट लावून फेब्रुवारी-मार्चमध्ये रोपं तयार करतात, आणि ते बघून आपल्याकडची माणसंही रोपं घरात ठेवतात आणि हजारो रुपयांचे दिवे मागवायला निघतात. आपण पुण्यात राहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टोमॅटोच्या बियाला जी ऊब लागते, साधारण २१ ते २९ अंश, ती गॅलरीत फुकट मिळते, आणि ऊन तर असं मिळतं की कुठल्याही दिव्याने त्याची बरोबरी होणार नाही. आपल्याला रोपं थंडीपासून नाही, परतीच्या पावसाच्या सरींपासून आणि ऑक्टोबरच्या दुपारच्या उन्हापासून जपायची असतात. त्यामुळे रोपं पहिल्या दिवसापासून बाहेर, फक्त डोक्यावर थोडा आडोसा.

ऊन कुठल्या गॅलरीत येतं हे बी टाकायच्या आधी बघून ठेवा. पुण्यात वर्षातला बराचसा काळ दुपारचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हापासून जुलैच्या शेवटापर्यंत तो थोडा उत्तरेकडे असतो आणि मग परत दक्षिणेकडे सरकतो, डिसेंबरात तर भर दुपारीसुद्धा चांगलाच खाली असतो. म्हणून हिवाळी टोमॅटोला दक्षिणेची गॅलरी उत्तम, ऊन पार आतपर्यंत येतं. पूर्वेचीही छान, सकाळचं कोवळं ऊन रोपांना फार मानवतं. पश्चिमेची असेल तर ऑक्टोबरमध्ये दुपारी तीनच्या पुढे एखादी जुनी पांढरी ओढणी किंवा हिरवी नेट बांधा. फक्त उत्तरेची गॅलरी असेल तर सरळ सोसायटीच्या गच्चीची परवानगी काढा, या दिवसांत उत्तरेला थेट ऊन येतच नाही आणि तिथे कितीही काळजी घेतली तरी रोप बारीकच राहणार.

सीझनबद्दल पण बोलून घेते. शेतकरी टोमॅटो खरीप, रब्बी, उन्हाळी तिन्हीत करतात, पण कुंडीत पहिल्यांदाच लावणाऱ्याने सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बी टाकावं असं माझं ठाम मत आहे. जूनमध्ये टाकलं तर पावसात पानं सतत ओली राहतात आणि करपा, म्हणजे पानांवर डाग पडून ती वाळवणारा रोग, येतो. डिसेंबर-जानेवारीत टाकलं तर रात्री दहा-बारा अंशावर जातात, बी उगवायलाच दीड-दोन आठवडे घेतं, आणि झाड मोठं होऊन फुलावर येईपर्यंत मार्च-एप्रिलचा उन्हाळा सुरू होतो. दिवसा पस्तिशीच्या वर पारा गेला की टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळतात. सप्टेंबरच्या बीचं झाड मात्र डिसेंबरात ऐन थंडीत फळाला येतं.

बी कुठलं घ्यायचं? कृषी सेवा केंद्रातून छोटं पॅकेट घ्या आणि मागचं लेबल वाचा. चाचणीची तारीख आणि कधीपर्यंत वैध ते छापलेलं असतं, उगवणीचा किमान टक्का पण असतो. टोमॅटोसाठी तो ७० आहे, म्हणजे दहा बिया टाकून सात आल्या तर बी चांगलं आहे, तीन गेल्या म्हणून नाराज होऊ नका. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे भाग्यश्री, धनश्री हे वाण आपल्या हवेतले आहेत. पुसा रुबी जुना आणि सरळ वाण आहे, त्याचं बी पुढच्या वर्षी धरता येतं. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा हायब्रिड आहे, पर्णगुच्छ म्हणजे पानं आकसण्याचा व्हायरस, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तो तोंड देतो, ज्यांच्या सोसायटीत पांढरी माशी फार आहे त्यांनी तो बघावा. आणि लहान मुलं असतील घरात तर चेरी टोमॅटो, हमखास लागतो. पॅकेटमधलं बी गुलाबी किंवा निळं असेल तर घाबरू नका, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, फक्त हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि मुलांच्या हातात देऊ नका.

मंडईतल्या टोमॅटोचं बी काढून लावलं तर चालेल का हे हमखास कुणीतरी विचारतंच. उगवतं, नक्की उगवतं. पण बाजारातला टोमॅटो बहुतेक हायब्रिड असतो, त्याच्या बियातून तसंच फळ येईल याची खात्री नाही. प्रयोग म्हणून करायचं तर बियांभोवतीचा बुळबुळीत गर आधी घालवायला हवा कारण त्यात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, बिया थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबवायच्या, धुवायच्या आणि सावलीत ताटलीवर वाळवायच्या.

माती. खरंतर मातीच नको, रोपं होईपर्यंत. आपली काळी माती ओली झाली की चिकट गोळा आणि वाळली की भेगा, त्यात हे इवलंसं बी गुदमरतं, शिवाय बागेच्या मातीत बुरशी असते. कोकोपीटची वीट आणा, बादलीत भिजवा, फुगली की दोन-तीन पाण्यातून काढून पिळा. हे धुणं टाळू नका, नारळाच्या काथ्यात क्षार असतात आणि स्वस्तातल्या विटेत तर जास्तच, तेवढ्यानेसुद्धा कोवळ्या पानांच्या कडा जळतात. मग दोन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत, चिमूटभर ट्रायकोडर्मा पावडर मिसळा. ट्रायकोडर्मा ही चांगली बुरशी आहे, ती वाईट बुरशीला पाय रोवू देत नाही. मूठ दाबली तर गोळा व्हावा, बोटाने टोकलं तर सुटावा, आणि बोटांमधून पाणी ठिबकू नये, एवढी ओल पुरे.

भांडं काहीही चालतं, खाली भोकं पाहिजेत, एवढीच अट. मला स्वतःला ज्यूसचे मोठे कागदी ग्लास आवडतात, खोल असतात आणि लावताना फाडून काढता येतात. अंड्यांचा ट्रे मात्र नको, पुठ्ठा पाणी शोषून घेतो आणि खोली इतकी कमी की दहा दिवसांत मुळ्यांना जागाच उरत नाही.

बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल. एका ग्लासात दोन बिया, थोड्या अंतरावर. वर टाकून नुसतं भुरभुरवलं तरी उगवतं पण मग एक गंमत होते, रोप वर येतं तेव्हा बियाचं टरफल टोपीसारखं डोक्यावर अडकून राहतं आणि दोन पानं आत चिकटलेली राहतात. खोलीवर बी असेल तर वर येताना मिश्रणाला घासून टरफल आपोआप निघतं. तरी अडकलंच तर ओढू नका, शेंडाच तुटेल. पाण्याचा थेंब बोटाने त्या टोपीवर ठेवा, तासाभराने परत एक, मऊ झालं की पानंच तिला ढकलून देतात. हे बघायला मिळालं तर जरूर बघा, आधी मान खाली घातलेला पांढरट-जांभळट कोंब, मग तो हळूहळू ताठ होतो, टोपी एका बाजूला कलते आणि दोन लांबट गुळगुळीत पानं उघडतात. त्या पानांना अजून टोमॅटोचा वास नसतो. नंतर मधून जी कातरलेली खरी पानं येतात ती चुरडा, मग येतो तो वास, आणि बोटांवर हिरवट-पिवळा डाग पण राहतो.

साधारण पाच ते आठ दिवसांत कोंब दिसतो. तोपर्यंत उजेड नसला तरी चालतं, बरेच जण वर प्लास्टिक झाकतात तेही ठीक. पण पहिला कोंब दिसला की झाकण काढायचं, त्याच दिवशी, संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही, आणि ग्लास थेट सकाळच्या उन्हात. सगळ्यात जास्त रोपं इथेच बिघडतात. बाकीच्या बिया येऊ देत मग हलवू असं म्हणत दोन दिवस जातात आणि पहिली आलेली रोपं तेवढ्यात लांबुळकी होतात. रोज ग्लास थोडे फिरवा म्हणजे एकाच बाजूला झुकणार नाहीत. आणि ग्लास एकमेकांना चिकटून ठेवू नका. रोपांची पानं एकमेकांना लागायला लागली की शेजाऱ्याची सावली त्यांना जाणवते आणि स्पर्धेत दोघंही लांब होतात.

आता पाणी. याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे कारण प्रेमापोटी सगळ्यात जास्त रोपं पाण्यानेच जातात. शेतकऱ्यांकडे वाफसा म्हणून एक शब्द आहे, जमीन ना चिखल ना कोरडी, मातीत ओल पण आहे आणि हवा पण खेळतेय, अशी स्थिती. मुळ्यांना दोन्ही लागतं. ग्लास कायम ओलागच्च असेल तर मुळ्यांना खाली जायची, पसरायची गरजच वाटत नाही, आणि हवा न मिळाल्याने त्या सडतात. म्हणून वरचा थर बोटाला कोरडा लागेपर्यंत पाणी द्यायचं नाही. माझी सोपी पद्धत म्हणजे ग्लास उचलून बघणं, पाणी दिल्यावर एकदा उचला आणि ते वजन हाताला लक्षात ठेवा, हलका लागला की द्या. द्यायचं ते सकाळी, आणि शक्यतो खालून, ताटलीत पाणी घेऊन त्यात ग्लास पंधरा-वीस मिनिटं ठेवायचे आणि उरलेलं पाणी ओतून टाकायचं. पानं कोरडी राहतात, वरचा थर फार ओला होत नाही, आणि मुळ्या पाण्याच्या मागे खाली जातात. नळाचं पाणी चालतं. टँकर नाहीतर बोअरचं जड पाणी असेल आणि कोकोपीटवर पांढरी पापुद्र्यासारखी साय दिसायला लागली तर रोपांपुरतं पाणी दुसरं घ्या.

जास्त ओलीत जो रोग येतो त्याला रोपं कोलमडणं म्हणतात. काल संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी आडवं दिसतं, पानं अजून हिरवीच, पण खोड मातीलगत दोऱ्याने आवळल्यासारखं बारीक, पाणचट आणि तपकिरी झालेलं. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशींचं हे काम. ते रोप वाचत नाही, त्याला हळद लावू नका, दालचिनी भुरभुरवू नका, त्यात वेळ जातो. ग्लासासकट बाजूला काढा, बाकीच्यांचं पाणी दोन दिवस थांबवा, ऊन आणि वारा वाढवा, वर कोरड्या वाळूचा पातळ थर द्या. बाकीची वाचतात.

पहिली खरी पानं नीट उघडली की प्रत्येक ग्लासात एकच रोप ठेवायचं. दुसरं कात्रीने मातीलगत कापा, उपटू नका, उपटताना शेजारच्याच्या मुळ्या हलतात. कापायला जीव होत नाही हे मला कळतं, माझाही होत नाही, पण दोन्ही ठेवली तर दोन्ही बारीक राहतात. एकाच डब्यात खूप बिया टाकल्या असतील तर या वेळेला ती वेगळ्या ग्लासांत लावता येतात, तेव्हा रोप पानाला धरून उचला, खोडाला धरू नका. पान गेलं तर दुसरं येतं, खोड चेपलं तर रोप गेलं. आणि लावताना खालच्या दोन पानांपर्यंत खोल लावा. टोमॅटोच्या खोडालाच मुळ्या फुटतात, मातीत गेलेला सगळा भाग मुळ्यांचा होतो. ज्यांची रोपं आत्ता लांबुळकी झाली आहेत त्यांनी हेच करायचं, खोल लावायचं आणि उन्हात ठेवायचं, बरीचशी सावरतात.

अजून एक गोष्ट, जी ऐकून लोकांना खरी वाटत नाही. रोज दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात अलगद फिरवा, दहा-बारा वेळा इकडून तिकडे. रोपं वाऱ्यात हलल्यासारखी हलतात आणि त्यांचं खोड आखूड आणि जाड होतं. मॉर्डेकाय जॅफी नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये या परिणामाला थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं लांबलचक नाव दिलं, म्हणजे स्पर्शाने झाडाच्या वाढीचं वळण बदलणं. बंद खोलीतल्या रोपाला वारा लागत नाही, म्हणून त्याला मजबूत व्हायचं कारणच मिळत नाही. गॅलरीत वारा असेल तर तोच पुरेसा, नसेल तर हात. फक्त पानं ओली असताना करू नका. आणि घरात कुणी तंबाखू मळत असेल, किंवा माळीकाका मळत असतील, तर रोपांना हात लावायच्या आधी साबणाने हात धुवायला सांगा, अगदी नम्रपणे पण सांगाच. तंबाखू टोमॅटोच्याच कुळातली, तिच्यातला मोझॅक व्हायरस हातावरून रोपांवर जातो आणि त्याच्यावर औषध नाही.

खत फार थोडं लागतं. कोकोपीटमध्ये स्वतःचं पोषण जवळपास नसतंच, जे आहे ते गांडूळखताचं, आणि ते दोनेक आठवडे पुरतं. खरी पानं आल्यावर आठवड्यातून एकदा एकोणीस-एकोणीस-एकोणीस, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत, एका लिटरला एक ग्रॅम विरघळवून, किंवा रासायनिक नको असेल तर गांडूळपाणी चांगलं पातळ करून. युरिया अजिबात नको, रोप भराभर वाढतं आणि मऊ, पाणीदार होतं, मामांच्या भाषेत पाण्यावर पोसलेलं. पानांची खालची बाजू जांभळी दिसली तर ते स्फुरदाच्या कमतरतेचं लक्षण असतं, पण थंड रात्रींमध्ये मुळ्यांना स्फुरद उचलताच येत नाही म्हणूनही तसं होतं, तेव्हा आधी ग्लास रात्री आत भिंतीजवळ ठेवून बघा, लगेच खत ओतू नका.

किडींमध्ये रोपांच्या वयात सगळ्यात घातक पांढरी माशी. पान हलवलं की पांढऱ्या कणांसारखी उडते. तिने रस शोषल्यापेक्षा तिच्याबरोबर येणारा पर्णगुच्छाचा व्हायरस वाईट, पानं वरच्या बाजूला वळतात, आकसतात आणि झाड खुजं राहतं. लहानपणी लागण झाली तर फळ जवळपास मिळतच नाही. नर्सरीवाले ५० मेशची, म्हणजे खूप बारीक भोकांची, नेट लावतात ती याच्यासाठीच. घरी पण तीच नेट मीटरवर मिळते, चार काड्या खोचून वरून टाका, कडा खाली दाबा. त्याने पारवे, बुलबुल आणि खारी पण बाहेर राहतात, पुण्यात पारव्यांनी रोपं तुडवलेली कुणी बघितली नसतील असं नाही. एक पिवळा चिकट सापळा बाजूला लटकवा. पानावर नागमोडी पांढऱ्या रेघा दिसल्या तर ती नागअळी, तेवढं पान खुडून टाका.

रोप पंचवीस दिवसांचं झालं, चार-पाच खरी पानं आली की त्याला खऱ्या उन्हाची सवय करायची, नर्सरीवाले याला हार्डनिंग म्हणतात. नेट आणि आडोसा काढून आधी फक्त सकाळचं ऊन, मग दुपारी बारापर्यंत, मग दिवसभर, असं आठवडाभर वाढवत न्या आणि पाणी थोडं कमी करा. पानं जरा जाड होतात, रंग गडद होतो, खोडावर जांभळट झाक येते. ती झाक आली की मला रोप तयार वाटतं. आडोशातून थेट कुंडीत दिवसभराच्या उन्हात टाकलं तर पानं पांढरी पडून भाजतात.

लावायचं ते संध्याकाळी. कुंडी किंवा ग्रो बॅग निदान १२ इंची, १५ असेल तर फार छान, एका कुंडीत एकच झाड. खालची पानं काढून टाका, रोप अर्ध्याहून जास्त खोडासकट खोल पुरा, बांबूची काठी त्याच वेळी रोवा कारण नंतर रोवली तर मुळ्या तुटतात, आणि भरपूर पाणी द्या. पहिले दोन-तीन दिवस दुपारचा आडोसा. आठवडाभर वर काही वाढ दिसणार नाही, त्या काळात रोप खाली मुळ्या पसरत असतं, तेव्हा काळजीने पाणी वाढवू नका आणि खत तर नाहीच. शेंड्याला नवीन पोपटी पान दिसलं की रोपाने जीव धरला.

आणि लावून उरलेली सगळी रोपं लगेच वाटून टाकू नका. शेतात जशा नांग्या भरतात, म्हणजे मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावतात, तशी दोन-तीन रोपं आठ-दहा दिवस ग्लासातच राखून ठेवा. गोगलगायीने एखादं कुरतडलं, खारीने उकरलं, तर त्याच वयाचं रोप हाताशी असतं. त्यानंतर ग्रुपवर टाका, ओल्या वर्तमानपत्रात गड्डा गुंडाळून दिलं तर हडपसरपासून बावधनपर्यंत कुठेही व्यवस्थित जातं, फक्त घेणाऱ्याला त्याच दिवशी संध्याकाळी लावायला सांगा.